‘तुला कळलं कसं नाही?’

(घाटकोपर येथे वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



शिबिरात सिनेमावर बोलायचं म्हटल्यावर काहीजणींनी नाकं मुरडली. मारहाण, पोटगी, पोलीस चौकी एवढे विषय समोर असताना सिनेमा कशाला? पण आपल्या केंद्रात येणाऱ्या मुली प्रेम म्हणजे काय ते शिकतात कुठे? घरात त्यावर कुणी बोलत नाही. शाळेत नाही. उरतो सिनेमा. म्हणून त्यातल्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ. गोड बोलणारा, मन जिंकणारा आणि वेळ आली की काढता पाय घेणारा.

१९५९चा ‘धूल का फूल’ घ्या. यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. महेश मीनावर प्रेम करतो, तिला दिवस जातात आणि वडिलांच्या दबावाखाली तो दुसरीशी लग्न करतो. १९७८च्या ‘त्रिशूल’मध्ये गुप्ता शांतीला सोडून श्रीमंत घरची मुलगी पत्करतो. दोन्ही चित्रपट फसवणाऱ्याला दोषी ठरवतात, हे मान्य. पण हिशोब कोण चुकता करतो? तिचा मुलगा. एकात तो न्यायाधीश झालेल्या बापासमोर आरोपी म्हणून उभा राहतो, दुसऱ्यात बापावर सूड उगवतो. म्हणजे बाईची फसवणूक ही मुलाच्या गोष्टीची नुसती प्रस्तावना! तिला स्वतःला काय हवं होतं, हा प्रश्न मागेच राहतो.

तो प्रश्न विचारणारा चित्रपट आपल्याकडे झाला. १९७७ची ‘भूमिका’. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर श्याम बेनेगलांनी तो बेतला. त्यातला केशव दळवी आठवा. तो देखणा नाही, गाणी म्हणत नाही. तो उपकार करतो. अडचणीत घराच्या उपयोगी पडतो, लहान वयात उषाला मुंबईला आणून सिनेमात काम मिळवून देतो. त्या उपकाराच्या ओझ्याखाली, आणि थोडी आईवरच्या रागापोटी, ती त्याच्याशी लग्न करते. मग कळतं की नवरा तिचा व्यवस्थापकच राहिला आहे. तिनं घर मागितलं होतं, त्यानं तिची कमाई मोजली. पुढे भेटलेला प्रत्येक पुरुष सुटकेचा दरवाजा वाटतो. काळे तिला प्रतिष्ठा देतो, वाडा देतो आणि वाड्याबाहेर जाण्याची बंदीही घालतो.

आपल्या वस्तीत केशव दळवी भेटतो की नाही? नोकरी लावून देणारा, हप्ता भरणारा, आईला दवाखान्यात नेणारा. आभार आणि प्रेम यांत फरक आहे, हे मुलींना सांगायला आपण विसरतो.

आता एक परदेशी चित्रपट. १९४९चा, विल्यम वायलरचा ‘द एअरेस’. मॉरिस नावाचा देखणा तरुण कॅथरीनला मागणी घालतो. तिचा डॉक्टर बाप सांगतो, हा पैशासाठी आला आहे. बापाचं निदान अचूक ठरतं. आपण बापाच्या इस्टेटीवर पाणी सोडणार, असं ती मॉरिसला सांगते आणि पळून जायच्या रात्री तो येतच नाही. पण बाप तिला आणखी काय सांगतो? तुझ्यात पैशाशिवाय आवडण्याजोगं आहेच काय! जन्मभर घरात जिनं हेच ऐकलं, ती पहिल्या गोड शब्दावर विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? मॉरिसला दार बापानंच उघडून दिलं होतं.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. लग्नाचं वचन देऊन दोन वर्षं झुलवलेली, साठवलेले पैसेही त्याला दिलेले. सगळं ऐकून मी म्हणाले, “अगं, तुला कळलं कसं नाही?” ती उठली आणि गेली. पुन्हा आली नाही. समाजकार्याची पदवी घेतलेली मी त्या क्षणी कॅथरीनच्या बापासारखी बोलले होते. घरात, शेजारात ती हेच ऐकून आलेली असणार.

कायद्याबद्दल थोडं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९नुसार, पाळायचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड. पण दिलेलं वचन पुढे मोडलं आणि वचन देतानाच ते खोटं होतं, यांत न्यायालयं फरक करतात. २०१९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक स्पष्ट केला. म्हणून मुलीला खोटी आशा दाखवू नका. तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचाच राहू द्या.

आणि सावध राहा. गोड बोलणाऱ्याची भीती दाखवून मुलींचं शिक्षण बंद करणारे, फोन काढून घेणारे, घाईनं लग्न उरकणारे आपल्याभोवती पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती आपण कोलीत देता कामा नये. प्रेम करू नकोस, हे आपलं सांगणं नाही. तपासून घे, एवढंच सांगायचं आहे. तो तुला चारचौघांत ओळख देतो का? तुझ्या मैत्रिणींपासून तोडतो का? तुझ्या पगाराचा हिशोब कुणाकडे असतो? तू ‘नाही’ म्हणालीस तर तो काय करतो? जीव देण्याची धमकी देतो का?

‘द एअरेस’च्या शेवटी मॉरिस वर्षांनी परत येतो, दार ठोठावत राहतो. कॅथरीन मोलकरणीला कडी लावायला सांगते आणि दिवा घेऊन जिना चढून जाते. तोवर बाप वारलेला असतो, कडी लावण्याचा निर्णय ती स्वतःच्या मनानं घेते. मात्र तिथवर ती एकटी पोचली आणि फार कडवट होऊन पोचली. आपल्या मुलींना एवढी किंमत मोजावी लागू नये, म्हणून आपले गट आहेत. पुढच्या बैठकीत वस्तीतल्या मुलींसोबत ‘भूमिका’ पाहा. आधी त्यांना बोलू द्या. आणि तो एक प्रश्न मात्र कुणी विचारू नका.