नाडीवरचं बोट, तारेखालचा दोरा



वाळव्याच्या या ऊसपट्ट्यात, आष्ट्यात, आज आपण डॉक्टर आणि गायक-वादक एकत्र जमलो आहोत.

स्थूल माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांवर संगीताचा काय परिणाम होतो, हा आपला विषय. तो या मातीला परका नाही. तासाभराच्या वाटेवर मिरज आहे. डॉ. वानलेस यांनी तिथं 1894 साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं. गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले, तेही तिथंच दर्ग्याजवळ विसावले. परवा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका तानपुऱ्याच्या कारागिराजवळ बसलो होतो. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत तो कान देऊन ऐकत होता. दोरा केसभर सरकला आणि बद्द वाजणारी तार एकदम झंकारली. कारागिरांच्या भाषेत, जवारी लागली!

निरोगी हृदयातही असा केसभर फरक महत्त्वाचा असतो. ते घड्याळासारखं एकसुरी चालत नाही. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना सावकाश. ही लवचिकता मुख्यतः मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नर्व्ह सांभाळते, आणि पोटाचा घेर वाढला की ही लवचिकता बहुधा कमी होते. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 23 झाला की वजन जास्त धरतात, 25 झाला की स्थूलता. फडातली मेहनत सुटली, खाणं तेच राहिलं, अशी चाळिशीतली कितीतरी माणसं माझ्या दवाखान्यात येतात. ‘डॉक्टर, छातीत धडधडतंय,’ म्हणतात. मला त्यांची फार काळजी वाटते.

इटलीतले संशोधक बर्नार्डी यांनी 2006 साली 24 जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रागसंगीतही होतं. जलद लयीत ठोके वाढले. पण मध्ये दोन मिनिटं संगीत थांबवलं, तेव्हा ठोके सुरुवातीपेक्षाही खाली आले. स्थूल माणसांचा वेगळा विचार त्यात नव्हता. तो आपण करूया. गाणं ऐकून वजन उतरत नाही, रक्तदाबाची गोळीही सुटत नाही, हे पेशंटला स्पष्ट सांगूया. मिरवणुकीतल्या डॉल्बीनं छाती हादरते, त्याबद्दलही इथं मोकळेपणानं बोलावं.

दुपारी ज्वारीची भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आहे. जेवणाआधी पाच मिनिटं नुसता तानपुरा वाजेल. तेव्हा प्रत्येकानं आपल्या मनगटावर बोट ठेवावं, आणि तानपुरा थांबला तरी लगेच उचलू नये.