शास्त्रज्ञांचे वेतन आणि न्यायाची मोजपट्टी
(भाषणाचा मजकूर)



न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने २०२५ साली आठवा वेतन आयोग नेमला. असा आयोग आला की सरकारी शास्त्रज्ञांच्या वेतनाचा प्रश्न निघतो, आणि तो बहुधा एकाच युक्तिवादाने मांडला जातो: खाजगी कंपन्या व परदेशी विद्यापीठे अधिक पैसे देतात, तेव्हा सरकारनेही द्यावेत. समाजवाद्यांनी हा युक्तिवाद पारखून घेतला पाहिजे. बाजारभावावरून मालाची टंचाई कळते. न्याय कळत नाही.

न्यायाची मोजपट्टी या देशातील कामगार चळवळीच्या रेट्यातून घडली आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने कुटुंबाचे तीन उपभोग-घटक धरून अन्न, वस्त्र, निवारा व इंधन यांच्या खर्चावरून किमान वेतन काढण्याची रीत घालून दिली. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासूनचे १८,००० रुपयांचे किमान मूळ वेतन याच रीतीच्या आधारे ठरविले. मिळालेले वेतन महागाईने झिजू नये, यासाठी वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची फेरआखणी होते. त्यासाठी कोणाला रस्त्यावर बसावे लागत नाही.

ही मोजपट्टी शास्त्रज्ञांना लावून पाहू. केंद्राच्या विज्ञानखात्यांत 'सायंटिस्ट बी' या पदाचे आरंभीचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५६,१०० रुपये आहे. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याचा आरंभही तेवढ्यावरच होतो. शिवाय शास्त्रज्ञाला वरची जागा रिकामी होण्याची वाट न पाहता गुणवत्तेवर बढती देणारी योजनाही आहे. कायम शास्त्रज्ञांच्या तक्रारी नाहीत असे नव्हे. परंतु त्यांच्या पायाखाली जमीन आहे.

त्याच प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत उपकरणापाशी बसणारा संशोधक मात्र या जमिनीवर उभा नाही. कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप २०१४ साली २५,००० रुपये झाली, २०१९ साली ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,०००. यांपैकी २०१९ ची वाढ देशभरच्या संशोधकांच्या आंदोलनानंतरच झाली. दोन वाढींच्या मधल्या वर्षांत महागाई वाढत राहते आणि फेलोशिपचा आकडा जागच्या जागी राहतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ४२ टक्के होता. जुलै २०२५ मध्ये तो ५८ टक्के झाला. याच प्रमाणाने फेलोशिप वाढली असती, तर ३७,००० चे सुमारे ४१,१७० रुपये झाले असते. हा चार हजारांहून अधिक रुपयांचा फरक दरमहा संशोधकाच्या खिशातून जातो. कोणी कपातीचा आदेश काढलेला नाही. तरी कपात झालीच.

असे का व्हावे? कारण या पैशाला वेतन म्हटलेले नाही. अंगणवाडी सेविकेला मिळते ते 'मानधन', संशोधकाला मिळते ती 'फेलोशिप'. एकदा वेतन हा शब्द टाळला की महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, वेतन आयोग या साऱ्यांची जबाबदारीही टळते. अंगणवाडी सेविका आणि रसायनशास्त्राचा संशोधक यांची परिस्थिती एक नाही. परंतु त्यांना न्यायाच्या बाहेर ठेवण्याची युक्ती एकच आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, संशोधक हा विद्यार्थी आहे. त्याला पदवी मिळते. पदवी मिळते हे खरे, पण पूर्णवेळ काम करणे आणि दुसरी नोकरी न करणे ही बंधने त्याच्यावर असतात. सर्व वेळ घ्यायचा आणि निर्वाहाची हमी द्यायची नाही, हा व्यवहार न्याय्य ठरत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. २०२०-२१ मध्ये भारताने संशोधनावर केलेला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. एवढा हात आखडणाऱ्या देशाला तरुण संशोधकाची भाकरी परवडत नाही, असे म्हणणे शोभत नाही. ४ मार्च १९५८ च्या विज्ञान-धोरण ठरावात शास्त्रज्ञांना चांगल्या सेवाशर्ती व सन्मानाचे स्थान देण्याचे वचन सरकारने दिले होते. ते वचन केवळ वरच्या पायऱ्यांसाठी नव्हते.

तेव्हा मागणी पगाराचे शिखर आणखी उंच करण्याची नको. पाया भक्कम करण्याची हवी. फेलोशिप महागाई निर्देशांकाशी आपोआप जोडली जावी. ती ठरल्या तारखेला हाती पडावी. प्रकल्पांवर कंत्राटाने नेमलेल्या शास्त्रज्ञांना समान कामासाठी समान वेतन मिळावे. हंगामी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली जगजित सिंग खटल्यात मान्य केले आहे. कायम शास्त्रज्ञांच्या संघटनांनी आयोगाकडे आपले गाऱ्हाणे नेताना या मागण्या पहिल्या क्रमांकावर घालाव्यात.

पक्षाच्या कार्यकर्त्यांचेही येथे काम आहे. शेतमजूर, अंगणवाडी सेविका आणि संशोधक यांच्या मागण्या वेगवेगळ्या फायलींत पडून राहाव्यात हे सरकारच्या सोयीचे आहे. त्या एका मंचावर आणणे हे चळवळीचे कर्तव्य आहे. शेतकऱ्याच्या घरातील हुशार मुलगी संशोधनाकडे वळते तेव्हा तिच्या पाठीशी बापाची इस्टेट नसते. फेलोशिप अपुरी पडली, रखडली, तर पहिली तीच गळते. उरतात ते ज्यांच्या घरी पैसा आहे ते. मग विज्ञान ही पुन्हा एकदा सुखवस्तूंची मिरासदारी होईल. आणि जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांत जनतेची मुले दिसणार नाहीत.