राज्य बदलले, गावाचे काय झाले?

पेशवाई कधी बुडाली, असे शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारा. तो चटकन सांगेल, १८१८ साली. खडकी, कोरेगाव, आष्टी अशा लढायाही तो बोटांवर मोजून दाखवील. पण त्यालाच पुढे विचारा, "बरे, लढाया संपल्या, मग त्या साली गावचा सारा कोणी गोळा केला? बांधावरून भांडण झाले तर लोक कोणाच्या दारी गेले?" मुलगा गप्प होईल, आणि बहुधा त्याचे गुरुजीही विचारात पडतील. इतिहासाच्या पुस्तकात लढायांना पाने असतात, लढाईनंतरच्या कारभाराला ओळ-दोन ओळी. आज आपण त्या ओळी-दोन ओळींविषयी बोलणार आहोत. कारण शेताचा सर्व्हे नंबर, जिल्ह्याची कलेक्टर कचेरी आणि कोर्टाची पायरी ह्या साऱ्यांचा पाया त्याच काळात घातला गेला.

आधी घडलेली हकीकत थोडक्यात सांगतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली. १७ तारखेला पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण लागले. दुसरे बाजीराव पुढे आणि इंग्रजी पलटणी मागे, असा प्रकार कित्येक महिने चालला. १८१८ च्या फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला गेला. त्याच महिन्यात आष्टीला बापू गोखले धारातीर्थी पडले. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाख रुपयांचे पेन्शन घेऊन बिठूरास गेले. सात महिन्यांत एवढे मोठे राज्य संपले.

आता खरा प्रश्न पुढे आला. तोफांनी किल्ला घेता येतो. पण तोफ काही गावोगाव फिरून सारा गोळा करू शकत नाही. इंग्रज अधिकारी मूठभर, मुलूख खानदेशापासून धारवाडापर्यंत पसरलेला. भाषा परकी, चालीरीती परक्या. अशा वेळी कंपनी सरकारने साऱ्या मुलखाची व्यवस्था एकाच माणसाकडे सोपविली. तो माणूस म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट होता. पेशव्यांचा दरबार, सरदार, सावकार, शास्त्री ह्या सगळ्यांना तो चांगला ओळखून होता.

एल्फिन्स्टनने साताऱ्याहून फेब्रुवारी १८१८ मध्ये एक जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा की, बाजीरावाचे राज्य संपले. पण कोणाच्या धर्माला हात लागणार नाही. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांच्या नेमणुका पूर्वीप्रमाणे चालतील. सारा वाजवी घेतला जाईल आणि मक्त्याची पद्धत बंद होईल. जे शिपाई बाजीरावाची चाकरी सोडून ठराविक मुदतीत घरी परततील, त्यांना त्रास होणार नाही. बघा, ह्या कागदाने काय साधले? लढणाऱ्याला घराची आठवण करून दिली, आणि घरी बसलेल्याला सांगितले की तुझे आहे ते तुझेच राहील.

मक्ता बंद झाला, ही गोष्ट रयतेच्या फायद्याची होती, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. बाजीरावाच्या अखेरच्या काळात मामलती लिलावासारख्या दिल्या जात. जो जास्त बोली बोलेल त्याला महाल मिळे, आणि मग तो ती रक्कम रयतेकडून पिळून काढी. नव्या व्यवस्थेत मामलेदार राहिला, पण तो पगारी झाला.

मुलखाचे जिल्हे पाडले. पुण्यावर रॉबर्टसन, नगरावर पॉटिंजर, खानदेशावर ब्रिग्ज आणि दक्षिणेकडे धारवाडच्या बाजूस चॅप्लिन. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसविले आणि त्यांच्याजवळ ग्रँट डफ ह्याला नेमले. ह्यांतले बहुतेक लष्करातले कॅप्टन. काल तंबूत होते, आज कचेरीत बसले. सारा घेणारा तोच, न्याय करणारा तोच आणि चोर पकडणाराही तोच. त्यांना एल्फिन्स्टनची ताकीद एकच होती की, शक्य तो जुने मोडू नका. पाटील राहू द्या, कुलकर्णी राहू द्या, पंचायत राहू द्या.

हे सारे प्रेमापोटी होते काय? एल्फिन्स्टनला आपल्या गावगाड्याविषयी खरोखर आदर होता. १८१९ च्या अहवालात त्याने ते सविस्तर लिहून ठेवले आहे. राज्ये येतात नि जातात, गाव टिकून राहते, हे त्याने ओळखले होते. पण त्याच हाताला दुसरी बाजूही होती. पुण्यात इंग्रजांना मारण्याचा कट उघडकीस आला, तेव्हा त्याने कटवाल्यांच्या पुढाऱ्यांना तोफेच्या तोंडी दिले. किल्ल्यांच्या वाटा नि तटबंद्या पाडल्या, पुन्हा कोणी तिथे ठाण मांडू नये म्हणून. दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिच्यात विद्येची आवड होती आणि शास्त्रीमंडळींना शांत ठेवण्याची युक्तीही होती.

आणि ज्यांना जाहीरनाम्याने काही दिले नाही, त्यांचे काय? किल्ल्यावरचे गडकरी, शिबंदीतले शिपाई, गडाच्या पहाऱ्यावरचे रामोशी. किल्ले ओस पडले आणि ह्यांची पोटे उघडी पडली. पुरंदरच्या मुलखातले उमाजी नाईक ह्याच असंतोषातून पुढे आले. १८२६ पासून त्यांनी सरकारला हैराण केले. १८३२ साली त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. खानदेशात भिल्लांशी झगडा वर्षानुवर्षे चालला. शेवटी १८२५ साली औट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारावी लागली. लढाई कागदावर १८१८ ला संपली, पण ज्याची भाकर गेली त्याच्यापुरती ती संपली नव्हती.

आता गावात या. पाटील राहिला, चावडी राहिली. मग बदलले काय? बदलले हे की, निर्णय चावडीतून उठून कचेरीत गेला.

साऱ्याचेच घ्या. पूर्वी गावाच्या वतीने पाटील बोले. साल वाईट असेल तर तो घासाघीस करी, रडे, रुसे, पण चार पैसे कमी करून आणी. पुढे रयतवारी आली. सरकारचा हिशेब एकेका खातेदाराशी सुरू झाला. पाटील गावाचा पुढारी होता, तो हळूहळू सरकारचा नोकर झाला. त्यातच फौजा मोडल्या, दरबार मोडले, धान्याला गिऱ्हाईक राहिले नाही, भाव उतरले. अशा वेळी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी करून निव्वळ उत्पन्नात शंभराला ५५ असा आकार बसविला. १८३० मध्ये तो लागू झाला. हिशेब कागदावर मोठा सुबक होता, पण रानात टिकला नाही. रयतेने जमिनी टाकल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी इंदापूर तालुक्यापासून १८३६ च्या सुमारास नवी पाहणी सुरू केली, दर उतरविले आणि ते तीस वर्षांपुरते कायम केले. आपल्या शेताचा सर्व्हे नंबर त्या पाहणीचा वारस आहे.

न्यायाचीही तीच कथा. पंचायत ठेवा, असे एल्फिन्स्टन सांगत होता. तिचे दोषही त्याला दिसत होते. पंच वेळेवर जमत नसत, निवाडा लांबे आणि झालेला निवाडा अंमलात आणायला बळ नसे. पण औषध म्हणून पंचायतीला बळ देण्याऐवजी तिच्या शेजारी कोर्ट उभे राहिले. १८२७ चे कायदे झाले आणि पंचायत दोघे राजी असतील तरच, अशी गोष्ट उरली. ज्याची बाजू लंगडी तो कशाला राजी होईल? पंचायत कोणी मोडली नाही, बरे का. ती सुकून गेली.

ह्याचे फळ पुढल्या पिढ्यांनी भोगले. कोर्ट कर्जरोखा पाहते. त्या साली पाऊस पडला होता की नाही, हे पाहत नाही. सावकाराला कोर्टाचा हुकूमनामा मिळू लागला आणि कुणब्याची जमीन त्याच्या हाताखालून जाऊ लागली. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे लोक उठले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. म्हणजे १८१८ चा प्रश्न साठ वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला.

आणि इनामे चालविण्याचे ते वचन? १८५२ साली इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले आणि घरोघर पुरावे मागितले जाऊ लागले. ज्याच्याजवळ सनद नव्हती, किंवा वाळवीने खाल्ली होती, त्याच्या इनामावर गदा आली. राज्य नवे असताना दिलेला शब्द, राज्य घट्ट झाल्यावर पातळ झाला.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जुने गाव सोन्याचे होते तर. तसे मुळीच नाही. त्या गावगाड्यात महाराला रात्रंदिवस राबावे लागे आणि चावडीवरच्या निवाड्यात त्याचा शब्द खाली पडे. बायाबापड्यांना तर कोणी विचारतच नसे. इंग्रजांनी जुने राखले, त्यात हा अन्यायही राखला गेला. त्या वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. पण ती कनिष्ठ वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. जुने ते सारेच टिकविण्याजोगे नसते. आणि परक्याने टिकविले, ते त्याच्या सोयीचे होते म्हणून टिकविले.

मग आपण ह्यातून काय घ्यायचे? मला वाटते, एकच गोष्ट. संस्थेचे नाव राहिले म्हणजे संस्था राहिली, असे नाही. जिच्या हातचा निर्णय गेला, ती चावडी असो की पंचायत, ती आतून पोकळ होते. १९५८ च्या कायद्याने ग्रामपंचायतीला नवे रूप मिळाले आणि १९९२ च्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ह्या सभेत आता पाटलाच्या जोडीने पूर्वीच्या वेशीबाहेरचा माणूसही बसतो, आणि आयाबहिणीही बसतात. ही जुन्या गावात नसलेली गोष्ट आहे, तिची किंमत मोठी आहे. पण सभेला आपण गेलोच नाही आणि कोऱ्या कागदावर सही करून मोकळे झालो, तर एल्फिन्स्टनच्या काळी जे परक्याने केले, ते आपण आपल्याच हाताने करू.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपल्या वर्गातल्या मुलांना गावातली जुनी शेतनावे गोळा करायला सांगा. पाटीलकीचा मळा, देवाची इनाम, हाडकी हाडोळा. ह्या नावांत सारा गावगाडा लपलेला असतो. कोणाच्या घरी मोडीतले कागद असतील तर ते चुलीत जाऊ देऊ नका. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यात जपून ठेवले आहेत, म्हणून राज्याचा इतिहास लिहिता येतो. गावाचा इतिहास मात्र गावानेच जपला पाहिजे.