एका बंधाऱ्याचे बारा महिने
(आकाशवाणीवरील भाषण)



पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद म्हटला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहतात ती दूरची अरण्ये, उघडी जीपगाडी, वनखात्याचा वाटाड्या आणि मध्यमवर्गीय गृहस्थाने नुसत्या किमतीनेच दचकावे असे लांबलचक भिंग. हा समज अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण या मार्गाने जाणारे शौकीन आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ज्याला ताडोबाचा वाघ पाहावयाचा आहे त्याने तो अवश्य पाहावा. परंतु ज्याला छंद म्हणावे अशी गोष्ट वर्षातून एकदा हक्काची रजा खर्ची घालून साधत नाही. तिला रोजच्या जाण्यायेण्याच्या टप्प्यातला एखादा ओढा, एखादे गावतळे, फार तर माळावरची एखादी विहीर पुरते. मात्र त्या एकाच जागी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, काही विशेष दिसो वा न दिसो, हजेरी लावण्याची तयारी लागते.

माझ्यापुरती अशी जागा म्हणजे कवडीचा बंधारा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले म्हणजे लोणी काळभोरच्या अलीकडे, डाव्या हाताला, मुळा-मुठेच्या पात्रात हा बुटका बंधारा लागतो. साऱ्या शहराने वापरून टाकलेले पाणी येथवर वाहत येते, बंधाऱ्यावरून खाली पडताना त्याचा पांढरा फेस होतो, आणि वारा असला तर त्या फेसाचे गोळे काठावरच्या माणसाच्या अंगावर येऊन बसतात. नाकाला रुमाल लावून उभे राहावे अशा या ठिकाणी पक्ष्यांची मात्र वर्षभर वर्दळ असते, आणि त्याचे कारण मुळीच काव्यमय नाही: सांडपाण्याने पोसलेल्या गाळात अळ्या-किड्यांची जी अमाप पैदास होते, तिच्यावर शेकाटे, तुतवार, धोबी अशा चिखलात चोची घालणाऱ्या मंडळींचा चरितार्थ चालतो.

मार्गशीर्ष लागला की येथे छायाचित्रकारांची रांग लागते. त्यांचा मुख्य पाहुणा चक्रवाक. संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहाचे दुःख ज्याच्या माथी कायमचे मारले, तो हा नारिंगी अंगाचा बदकवर्गीय पक्षी लडाख-तिबेटकडच्या थंड सरोवरांच्या काठी वीण उरकून हिवाळ्यापुरता आपल्याकडे मुक्कामाला येतो, आणि येथे तो बहुधा जोडीजोडीनेच दिसतो. कोवळ्या उन्हात पंख उघडून तो पाण्यावर उतरतो त्या क्षणी रांगेतल्या साऱ्या कॅमेऱ्यांचा एकच खडखडाट होतो. पुढे ही चित्रे पाहावीत तर त्यांत पाणी निळेशार असते, कारण त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडलेले असते. पक्षी सोन्याचा दिसतो. आणि पाहणाऱ्याला वाटते की हे मानससरोवरच असावे. पक्ष्यापासून हातभर अंतरावर जो फेस होता, जी जलपर्णीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी होती, ती चौकटीबाहेर राहिलेली असते.

माझे म्हणणे असे की असे सुंदर चित्र काढावे, घरी भिंतीवर लावावे, परंतु त्याच सकाळी भिंग मागे घेऊन एक चित्र त्या फेसासकट आणि त्या पिशवीसकटही घ्यावे, आणि दोन्ही एकत्र जपून ठेवावीत. पहिल्या चित्राने चक्रवाक कसा असतो हे कळेल. दुसऱ्याने तो आपल्या काळात कुठे आणि कशा पाण्यावर राहत होता हे कळेल. रांगेतल्या तरुण मित्रांना हे सांगितले की ते सौजन्याने मान डोलावतात आणि पुन्हा पिशवी टाळून नेम धरतात. त्यांचेही फारसे चुकत नाही. स्पर्धेत फेसाला बक्षीस मिळत नाही.

येथे छायाचित्राच्या दप्तरी किमतीचा मुद्दा येतो. एके काळी अमुक पक्षी अमुक गावी आढळला असे शास्त्रज्ञांपुढे सिद्ध करावयाचे तर तो बंदुकीने टिपून, त्याच्या कातड्याला चिठ्ठी बांधून, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेच्या संग्रहात दाखल करण्याचा रिवाज होता. डॉ. सालिम अली यांच्या पिढीनेही हेच केले, आणि त्या संग्रहांवाचून १९४१ साली निघालेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक होते तसे झाले नसते. आज तोच पुरावा पक्ष्याच्या पिसालाही धक्का न लावता सादर करता येतो. कॅमेरा तारीख आणि वेळ आपली आपण नोंदवतो. स्थळ मात्र आपण लिहून ठेवले पाहिजे, आणि तेवढेच नेमके आपण लिहीत नाही.

हिवाळ्यापुरते येणारे लोक पावसाळ्याला मुकतात, याचे मला फार वाईट वाटते. ज्येष्ठात पहिल्या सरींच्या आगेमागे चातक येतो. डोक्यावर शेंडी, वरून काळा, खालून पांढरा असा हा पक्षी आफ्रिकेतून नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येतो असे मानतात. तो केवळ मेघांतून पडणारे थेंब पितो ही कविकल्पना कॅमेऱ्यापुढे टिकत नाही, कारण चित्रात त्याच्या चोचीत बहुधा केसाळ सुरवंट असतो. त्याच्या संसाराची रीत तर त्याहून गद्य आहे. त्याची मादी अंडे घालते ते सातभाईंच्या घरट्यात, आणि श्रावण-भाद्रपदात बांधाच्या बाभळीवर असे दृश्य दिसते की मातकट रंगाचा सातभाई, आपल्याहून निराळ्या रंगरूपाच्या, सारखे तोंड वासून बसलेल्या पिल्लाला भरवता भरवता मेटाकुटीस आला आहे. ज्याने हे एक चित्र मिळवले त्याने पक्षिशास्त्राचे एक प्रकरण वाचले असे समजण्यास हरकत नाही.

त्याच दिवसांत शेतातल्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची वसाहत लागते. नाव स्त्रीलिंगी असले तरी विणकर असतो तो नर. विणीच्या काळात त्याचा माथा आणि छाती पिवळीधमक होते, एरवी तो चिमणीच्या घोळक्यात ओळखूही येत नाही. त्याचे काम जवळून पाहण्यासारखे असते. गवताच्या किंवा उसाच्या पात्याच्या कडेला तो चोचीने एक चीर पाडतो, ती कड चोचीत घट्ट धरतो आणि उडतो. उडण्याच्या जोरानेच पात्याची लांब, सरळ पट्टी फाटून त्याच्याबरोबर येते. अशा पट्ट्यांच्या गाठींनी तो प्रथम फांदीला कडे बांधतो, कड्याच्या एका अंगाला अंड्यांची खोली विणतो, आणि घरटे अर्धे झाले की त्याच्या खाली लोंबकळत, पंख फडफडवीत, माद्यांना पाहणीस बोलावतो. पाहणी करणारी मादी आत शिरते, इकडेतिकडे चोच मारून बांधकाम तपासते, आणि पसंत न पडल्यास काही न बोलता निघून जाते. पसंती मिळाली तरच पुढची बोगद्यासारखी नळी पूर्ण होते. मादी अंड्यांवर बसली की हा गृहस्थ शेजारी दुसऱ्या घरट्याची पायाभरणी करतो. या बहुपत्नीकत्वाचा उलगडा डॉ. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला, पावसाळाभर एका वसाहतीवर पाळत ठेवून केला. विद्यापीठाची पदवी किंवा प्रयोगशाळा यांपैकी काही त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हते.

पावसाळी अभ्रांखाली उजेड अपुरा असतो, आणि फडफडणारा पंख गोठवायचा तर सेकंदाचा दोन-हजारांश भाग लागतो. तेवढ्यासाठी कॅमेऱ्याची ग्रहणक्षमता वाढवली की चित्रावर वाळू शिंपडल्यासारखे कण उठतात. अशा वेळी मी वेग कमी ठेवून पंखांची पिवळी धूसर रेघ उमटू देणे पसंत करतो. डोळा मात्र स्पष्ट आला पाहिजे. त्यात तडजोड नाही. दुसरी एक अडचण नवशिक्याला फार छळते. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन साऱ्या चौकटीची सरासरी काढून जगाला मध्यम करड्या रंगाचे समजते, त्यामुळे चौकटभर कोतवाल घेतला तर तो राखाडी होतो, आणि काळ्या पाण्यापुढे एकटा बगळा उभा असला तर त्याची पिसे जळून नुसता पांढरा डाग उरतो. यंत्राचा हुकूम येथे मोडावा: कोतवालाला कमी प्रकाश द्यावा, बगळ्यालाही कमीच द्यावा, आणि असे का याचा विचार स्वतः करावा.

सुगरणीचे घरटे उघड्यावर लोंबते, दूरच्या भिंगाने ते टिपल्यास कोणाचे काही बिघडत नाही. सर्व घरट्यांना मात्र हा न्याय लागू नाही. १९४९ साली लोथर नावाच्या इंग्रज गृहस्थांचे भारतातील पक्षिछायाचित्रणावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळात भिंगे आखूड, म्हणून घरट्याजवळ आडोसा उभारून त्यात तासन्‌तास दडून बसण्यावाचून गत्यंतर नसे, कारण पक्षी हमखास परत येईल अशी जागा तेवढी एकच. आज ती सबब उरलेली नाही. टिटवीचे उदाहरण घ्या. ती उघड्या माळावर, खड्यांत खडे मिसळावेत तशी अंडी घालते, आणि वैशाखाच्या उन्हात ती तापू नयेत म्हणून पाण्यात पोट भिजवून येऊन त्यांवर बसते. माणूस जवळ उभा राहिला की ती ओरडत घिरट्या घालते, अंडी उन्हात उघडी पडतात, आणि जवळपासचा कावळा त्या आरड्याओरड्यावरून काय समजायचे ते समजतो. एवढे करून मिळालेले चित्र मला कोणी दाखवले तर मी ते पाहत नाही, आणि तसे तोंडावर सांगतो.

फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलल्या म्हणजे भोरड्यांचे थवे त्यांवर तुटून पडतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाहुण्यांच्या कपाळाला परागांची पूड लागलेली असते, आणि ज्वारीच्या राखणदाराचे त्यांच्याविषयीचे मत छायाचित्रकाराहून अगदी वेगळे असते. चैत्रात ते मध्य आशियाकडे परततात.

करडा धोबी हिवाळी पाहुण्यांत सर्वांच्या आधी येतो, तेव्हा तो भाद्रपदातच वाहत्या पाण्याच्या कडेला, शेपटी सारखी खालीवर हलवीत दिसू लागतो. पाठ करडी, पोट पिवळे. पांढऱ्या भुवईचा, काळ्या डोक्याचा थोरला धोबी वर्षभर इथलाच रहिवासी, त्याला पाहुणा समजू नये. शंका आली तर दोघांची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. ज्यांच्या गावी कवडी नाही त्यांनी आपल्या नदीचा उतार गाठावा. फिक्या मातकट रंगाचे कपडे घालावेत, सकाळी आठाच्या आत पोहोचावे, सूर्य पाठीशी राहील असे उभे राहावे, आणि पहिला करडा धोबी ज्या दिवशी टिपला जाईल त्या दिवसाची तारीख व जागा वहीत लिहावी, म्हणजे पुढल्या वर्षी तो लवकर आला की उशिरा हे पडताळता येईल. पुण्याच्या श्रोत्यांनी कवडीला यायचे तर शक्यतो रविवार टाळावा.