पोटचा तो पोटचाच



एखाद्या गावात तरुण पोराच्या हातून खून होतो. पोलीस त्याला घेऊन जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आईशी पाणवठ्यावर कोणी बोलत नाही. ज्यांचे माणूस गेले त्यांच्या दुःखाला तोड नाही, हे खरेच. पण या आईने काय करावे? पोराला टाकावे, की त्याचा गुन्हा झाकावा?

आपल्याला ठाऊक असलेलीच गोष्ट घ्या. दुर्योधनाचे चुकते आहे हे धृतराष्ट्राला कळत होते, पण मायेपोटी तो त्याला आवरू शकला नाही. गांधारीने मात्र भर सभेत मुलाला चार शब्द सुनावले, आणि त्याला डोक्यावर बसवल्याबद्दल नवऱ्यालाही दोष दिला. तीच गांधारी पुढे रणांगणावर त्याच मुलाच्या प्रेतापाशी धाय मोकलून रडली. पाप ते पाप म्हणणे आणि पापी पोरासाठी रडणे, दोन्ही एकाच आईच्या पोटात मावते.

आपल्या काळातही अशी एक आई आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, कोलंबाइन हायस्कूलमध्ये, २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थी बंदुका घेऊन शिरले. त्या दिवशी त्यांनी १२ विद्यार्थी व १ शिक्षक यांचा जीव घेतला आणि शेवटी स्वतःवरही गोळ्या झाडल्या. त्यांतला एक सू क्लेबोल्ड या बाईंचा १७ वर्षांचा मुलगा. बाईंनी त्याच्या कृत्यावर पांघरूण घातले नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना त्यांनी पत्रे लिहून क्षमा मागितली. २०१६ साली त्यांनी पुस्तक लिहिले. मुलाने केले ते भयंकर होते आणि तरी माझी माया आटली नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी त्यात उघडपणे सांगितल्या.

शिक्षकबंधुभगिनींनो, यातली एक गोष्ट खास आपल्यासाठी आहे. त्या घटनेच्या थोडे आधी या मुलाने वर्गात एक रक्तपाताची कथा लिहिली होती. शिक्षिकेला ती खटकली, आणि तिने ते आईबापांच्या कानावरही घातले. पण कथा प्रत्यक्ष त्यांच्या हाती पडली ती मुलगा गेल्यावर! आपले पोर आतून खचले आहे, हेही त्यांना फार उशिरा कळले. मायेची कमतरता नव्हती; पण नुसत्या मायेला सगळे दिसतेच असे नाही. म्हणून वहीत काही वावगे दिसले, तर ती वही घेऊन त्या घरी जा. आईबापांनीही "आमचा असा नाही" म्हणून ती मिटून ठेवू नये.

आणि जिथे व्हायचे ते होऊन गेले आहे, तिथे न्याय कोर्टाला करू द्या. त्या आईला मात्र पाणवठ्यावर जागा द्या. गुन्हा तिने केलेला नाही.