डांबर, डांबरगोळी आणि रस्त्यावरची धूळ

रस्त्यावरची धूळ म्हटली की आपल्याला माती आठवते. माती त्यात असतेच; पण गाड्यांच्या धुरातली काजळी, टायरची झीज, इंजिनातून ठिबकलेलं तेल, पेटवलेल्या कचऱ्याची राख हेही त्यातच मिसळलेलं असतं. या सगळ्यांतून येणारे पदार्थ म्हणजे हायड्रोकार्बन. त्यांतल्या एका कुळाविषयी मी आज बोलणार आहे. कार्बनच्या सहा-सहा अणूंची वलयं एकमेकांना चिकटून हे कूळ बनतं. त्यातलं सर्वांत साधं, दोन वलयांचं संयुग आपल्या कपाटातही असतं : नॅप्थलीन, म्हणजे डांबराची गोळी. पाच वलयांचं बेंझोपायरीन मात्र वेगळ्या जातीचं. १९३३ साली ते कोळशाच्या डांबरातून वेगळं काढलं गेलं, आणि आज ते माणसाला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे.

ही मोठी संयुगं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. बारीक कणांना चिकटून बसतात, पावसाबरोबर गटारात जातात आणि नाल्याच्या, तलावाच्या गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात. ती आली कुठून, हे गाळच थोडंफार सांगतो. न जळलेल्या तेलात एक मिश्रण असतं, जळणातून निघालेल्या काजळीत दुसरं. दोन्हींचे ठसे वेगळे.

या तपासाची एक चांगली गोष्ट अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहराची आहे. तिथल्या ओढ्यांच्या गाळात ही संयुगं फार सापडत होती. गाड्या आणि कारखाने हे नेहमीचे संशयित. पण महापालिकेच्या लोकांच्या लक्षात आलं, की सर्वांत वाईट जागा वाहनतळांच्या खालच्या अंगाला आहेत. वाहनतळ काळेभोर, नवे दिसावेत म्हणून त्यांवर एक लेप देत, आणि त्याचा एक प्रकार कोळशाच्या डांबरापासून केलेला असे. बार्बरा माहलर, पीटर व्हॅन मीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहनतळांवर पाणी सोडून वाहून आलेले कण तपासले. लेप नसलेल्या जागांपेक्षा या लेपाच्या जागांवरच्या कणांत ही संयुगं सुमारे ६५ पट निघाली. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. लेप बनवणाऱ्यांनी तो मानला नाही. ऑस्टिनने मात्र २००६ साली लेपावर बंदी आणली. पुढे असं दिसलं, की अशा वाहनतळाला लागून असलेल्या घरांमधल्या धुळीतही ही संयुगं इतर घरांच्या सुमारे २५ पट आहेत. जमिनीवर रांगणारं, हात तोंडात घालणारं मूल डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. २०१४ साली आलेल्या अभ्यासानुसार तिथल्या लेडी बर्ड तलावाच्या नव्या गाळात हे प्रमाण सरासरी ५८ टक्क्यांनी उतरलं होतं.

आता कुणी म्हणेल, आपले रस्ते तर डांबराचेच! इथे आपली भाषा थोडा घोळ करते. कोळशाचं डांबर आणि तेलशुद्धीकरणात तळाशी उरणारं बिट्युमेन, दोन्हींना आपण डांबरच म्हणतो. रस्त्यावर आज पसरतात ते मुख्यतः बिट्युमेन, आणि त्यात ही घातक संयुगं कोळशाच्या डांबराच्या मानाने फारच थोडी असतात. तेव्हा ऑस्टिनचा गुन्हेगार इथे शोधण्यात अर्थ नाही. आपले वेगळे आहेत.

गॅरेजसमोरची जमीन पाहा. काळी, तेलकट, पाय चिकटावा अशी. इंजिनात घातलेल्या नव्या तेलात ही संयुगं कमी असतात. गाडी चालते तसतशी जळणातली काजळी तेलात उतरते आणि ती वाढत जातात. तेच ते जळकं ऑइल. आपण ते वाळवीसाठी लाकडाला फासतो, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतो, उरलं तर गटारात ओततो. मला यातलं शेवटचं सर्वांत खटकतं, कारण ते टाळणं सर्वांत सोपं आहे.

दुसरा गुन्हेगार म्हणजे रस्त्याकडेला पेटवलेला कचरा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, साध्या प्रकाराला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठेवला. तरी पानगळीच्या दिवसांत सकाळी झाडलेला ढीग तिथेच धुमसताना दिसतो. पालापाचोळा जळतानाही हीच संयुगं तयार होतात. प्लॅस्टिक असेल तर विचारूच नका. त्या ढिगाशेजारी कोरड्या खराट्याने झाडणारी बाई उभी असते, नाकाला पदर लावून. सर्वांत बारीक धूळ, म्हणजे वजनाच्या मानाने ही संयुगं सर्वांत जास्त वाहणारी, खराट्याने उडते ती हीच, आणि पदराने ती अडत नाही. झाडण्याआधी पाणी शिंपडलं तर पुष्कळ फरक पडतो.

उरलेली धूळ पहिल्या पावसात नाल्यात जाते. उन्हाळ्यात नालेसफाई होते, काढलेला काळा गाळ वाळावा म्हणून काठावरच ढीग घालून ठेवतात. गाडी येईपर्यंत काही दिवस जातात, आणि तोवर त्यातला बराचसा वाळून, चाकांखाली भरडून, पुन्हा रस्त्यावर पसरलेला असतो.