रेसिडेन्सी, रेडहॅट्स आणि आमच्या हॉलमधला फोटो

(इंदूर बघायला आलेल्या सीमाभागातल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली काही वाक्यं लिहिताना सरळ केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.)



काल रात्री सराफ्यात तुम्ही काय काय खाल्लंत ते मी पाहिलंय, त्यामुळे आज कुणी पेंगलं तर मी रागावणार नाही. मी इंदूरची. राज्यशास्त्रात एम. ए. करतेय. आजोळ खानापूर तालुक्यातलं, म्हणून तुमच्या ग्रुपमध्ये मला आधीपासूनच ओढून घेतलंय. माझ्या मराठीत मधेच हिंदी येईल. तुमच्यात कानडी येते, आमच्यात हिंदी, तेव्हा फिट्टंफाट.

मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मी एका टीव्ही मालिकेवर बोलते. दादा लोकांचे चेहरे जरा पडले. पण ऐका तर खरं.

मालिकेचं नाव ‘कॉलनी’. अमेरिकेतली. जानेवारी 2016 मध्ये सुरू झाली, तीन सीझन चालली, 36 भाग झाले आणि 2018 मध्ये बंद पडली. गोष्ट अर्धवटच राहिली, त्याचा मला अजून राग आहे. कथा साधी आहे. परग्रहावरून कुणीतरी आलंय आणि लॉस एंजेलिस ताब्यात घेतलंय. शहराभोवती प्रचंड भिंत. आत जे अडकले ते आत, बाहेर राहिले ते बाहेर. विल आणि केटी बोमन या नवराबायकोचा एक मुलगा, चार्ली, भिंतीपलीकडे राहिलाय.

आता गंमत बघा. परग्रहवासी जवळजवळ दिसतच नाहीत. आकाशात ड्रोन फिरतात, पण दारावर थाप मारणारा, तपासणी करणारा, पकडून नेणारा प्रत्येक जण माणूसच आहे. रेडहॅट्स नावाचे शिपाई, तेही याच शहरातले. कारभाराचं नाव ‘ट्रान्झिशनल अथॉरिटी’, म्हणजे संक्रमणकालीन प्राधिकरण. किती सभ्य नाव! आणि त्याच्या वर स्नायडर नावाचा प्रॉक्सी गव्हर्नर. हा गृहस्थ राक्षस वगैरे नाही. हसतमुख, गोड बोलणारा, दुसऱ्याला चांगली दारू पाजणारा. तो ग्रीन झोनमध्ये राहतो, जिथे वीज आहे, बागा आहेत, जेवणावळी आहेत.

विल हा पूर्वीचा एफबीआयचा माणूस, खोट्या नावाने मेकॅनिक म्हणून लपून राहिलेला. चार्लीला शोधायला भिंतीपलीकडे जाताना तो सापडतो. स्नायडर त्याला मारत नाही, नोकरी देतो. बंडखोरांना शोधून दे, तुझं कुटुंब सुरक्षित राहील, मुलगाही परत मिळेल. आणि विलला माहीत नाही की ज्या बंडखोरांना तो शोधतोय त्यांच्यात त्याची बायको आहे.

मी ही मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा बीएला होते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, अर्थातच. सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते इन्शुलिन. केटीच्या बहिणीच्या मुलाला डायबेटिस आहे आणि नव्या कारभाराने इन्शुलिन देणंच बंद केलंय. ही बहीण, मॅडी, पुढे ग्रीन झोनच्या माणसांच्या आश्रयाला जाते. आता तिला फितूर म्हणायचं का? मी आईला हा सीन दाखवला. आई भाजी निवडत होती. म्हणाली, “त्या बाईच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी गेले असते.” आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

मालिका बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नाझींच्या ताब्यातलं पॅरिस होतं. ते दिसतंच. पण मी इंदूरची आहे, मला पॅरिसपर्यंत जावं लागलं नाही. माझ्या कॉलेजच्या वाटेवर रेसिडेन्सी एरिया लागतो.

तुम्ही काल राजवाडा पाहिलात. गाइडने मल्हारराव सांगितले, अहिल्याबाई सांगितल्या, यशवंतराव सांगितले. 1818 नंतर तो एकदम गप्प झाला, लक्षात आलं का? थेट स्वातंत्र्यावर आला. मधली 129 वर्षं कुठे गेली?

तर ती मी सांगते. यशवंतराव होळकर 1811 मध्ये वारले. गादीवर दुसरे मल्हारराव, लहान पोर. कारभार तुळसाबाईंकडे. 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांची फौज क्षिप्रेच्या काठी महिदपूरला येऊन ठेपली. बाई इंग्रजांशी संधान बांधतायत असा संशय आपल्याच सैन्यातल्या लोकांना आला आणि लढाईच्या आदल्या दिवशी, 20 डिसेंबरला, त्यांनी बाईंना नदीकाठी नेऊन मारलं. 21 तारखेला लढाई झाली. मल्हारराव तेव्हा अकरा वर्षांचे. हरले. 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला.

तहात काय होतं? खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. राजपूत संस्थानांवरचे हक्क गेले. परराज्यांशी बोलणं इंग्रजांच्या मार्फतच करायचं. दरबारात इंग्रजांचा वकील राहणार, मुलखात त्यांची फौज राहणार. त्याच वर्षी महूची छावणी बसली, इथून तेवीस-चोवीस किलोमीटरवर. हो, तेच महू, जिथे 1891 मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला, कारण त्यांचे वडील फौजेत होते.

आणि तहाचं बारावं कलम. गफूरखान नावाचे सरदार होळकरांच्या बाजूने महिदपूरला होते. ऐन लढाईत त्यांनी दगा दिला असं माळव्यात आजही सांगतात. खरं-खोटं इतिहासकार बघतील. जावऱ्याची जहागीर त्यांच्याकडे कायम झाली, एवढं मात्र तहाच्या कागदावर आहे. त्यांचे वारस पुढे जावऱ्याचे नवाब. स्नायडर तर यांच्यापुढे किरकोळच.

पण मला गफूरखानांपेक्षा तात्या जोग जास्त छळतात. विठ्ठल महादेव किबे, सगळे तात्या जोग म्हणायचे. मंदसौरचा तह होळकरांकडून यांनी जुळवला आणि नंतर दिवाण म्हणून राज्य यांनीच चालवलं. राजधानी इंदूरला आली ती याच काळात. मोडकळीला आलेला वसूल सावरला, इंग्रजांच्या मेहेरबानीत राहिले, 1826 मध्ये वारले. आता या माणसाला काय म्हणाल? ते नसते तर होळकरांचं राज्य नकाशावरून गेलं असतं, पेशव्यांचं गेलं तसं. ते होते म्हणून राज्य राहिलं. पण ज्याचे दात काढलेत असं राज्य. विल बोमनही रोज हाच हिशोब करतो: आतून राहून थोडं वाचवू. मी सेमिनारमध्ये तात्यांवर पेपर लिहिला. पहिल्या मसुद्यात ते फितूर होते, दुसऱ्यात मुत्सद्दी. तिसरा मी लिहिलाच नाही, डेडलाइन संपली.

रेसिडेन्सी म्हणजे आमचा ग्रीन झोन. शहराच्या पूर्वेला वेगळी हद्द, वेगळा बाजार, साहेबांचा कायदा. 1854 पासून अख्ख्या सेंट्रल इंडिया एजन्सीचं ठाणं इथेच. ज्या डेली कॉलेजचं गेट तुम्ही बसमधून पाहिलंत, ते राजेरजवाड्यांच्या मुलांना शिकवायला काढलेलं, नाव एका साहेबाचं, एजंट हेन्री डेली यांचं. म्हणजे राजाचा मुलगा कसा वाढवायचा तेही साहेबच ठरवणार. 1844 मध्ये दुसरे तुकोजीराव गादीवर आले त्यातही रेसिडेंट हॅमिल्टनचा हात होता.

आणि 1 जुलै 1857. सकाळी सआदत खान आणि त्यांच्या लोकांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. रेसिडेन्सीच्या रक्षणाला ठेवलेल्या होळकरांच्याच तोफा रेसिडेन्सीवर फिरल्या. कर्नल ड्युरंड सीहोरला पळाला. त्याच रात्री महूची पलटण उठली. आणि तुकोजीराव? बावीस वर्षांचे होते, आपल्याच वयाचे. त्यांची फौज उठावात, ते स्वतः राजवाड्यात. आसऱ्याला आलेल्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी बंडवाल्यांच्या हवाली केलं नाही. ड्युरंडने मात्र त्यांच्यावर संशय घेतला तो घेतलाच. उठाववाले म्हणणार राजा साहेबाचा, साहेब म्हणणार राजा उठाववाल्यांचा. सआदत खान बरीच वर्षं लपून राहिले, पकडले गेले आणि 1874 मध्ये इथेच रेसिडेन्सीत फाशी गेले. तोवर याच तुकोजीरावांनी इंग्रजांना खांडवा–इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. एकाच शहरात, एकाच दशकात, कर्ज आणि फाशी.

आता राज्यशास्त्राचा मुद्दा, दोन मिनिटं सहन करा. 1907 च्या हेग नियमावलीचं कलम 42 सांगतं की प्रदेश शत्रुसैन्याच्या प्रत्यक्ष अधिकाराखाली गेला की तो व्याप्त. या व्याख्येने इंदूर 1818 नंतर व्याप्त नव्हतंच! कागदावर ते इंग्रजांचं मित्रराज्य होतं. तहात शब्द ‘मैत्री’चा. म्हणजे ज्याने ताबा घेतलाय तो त्याला ताबा म्हणतच नाही, कधी संक्रमण म्हणतो, कधी मैत्री. गादीवर राजा, शिक्का राजाचा, हत्ती राजाचे. पण 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला यांचा खून झाला, धागा इंदूर दरबारापर्यंत गेला, आणि चौकशी आयोगाला सामोरं जा नाहीतर गादी सोडा असा पर्याय आला तेव्हा तिसरे तुकोजीराव 1926 मध्ये पायउतार झाले. खून वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण राजाला घरी पाठवायचं कुणी, ते प्रजेने ठरवलं नाही.

इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

आपल्याकडे ‘कर्नाटकव्याप्त’ हा शब्द चालतो. 17 जानेवारी 2021 ला, हुतात्मा दिनी, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीही तो वापरला. माझा मामा वापरतो. मीसुद्धा एका निबंधात वापरला, तर आमच्या मॅडमनी पेन्सिलने गोल करून समासात लिहिलं, ‘कशावरून?’ मी चिडले. मग बसून उत्तर लिहायला घेतलं आणि जमेना. स्नायडरला मत देऊन घालवता येत नाही. रेसिडेंटला येत नव्हतं. बेळगावात समितीचे आमदार निवडून आलेत आणि पडलेतसुद्धा. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, 1 नोव्हेंबरला काळा दिवस आपण रस्त्यावर उतरून पाळतो. लाठ्या पडल्यात, गोळ्या झाडल्या गेल्यात, 1956 चे हुतात्मे मी विसरलेले नाही. तरीही मी तो शब्द आता वापरत नाही. मामाच्या वाट्याला जे येतं, म्हणजे उताऱ्यावरची न कळणारी लिपी, ऑफिसातला तो कंटाळलेला चेहरा, ते सांगायला मला दुसरा, नेमका शब्द हवाय. तो अजून सापडलेला नाही. तुमच्यातल्या कुणाकडे असेल तर चर्चेत सांगा. आणि मामाला हे भाषण पाठवू नका, दिवाळीला मला तिकडे जायचंय.

शेवटचं, घरातलं. आमच्या हॉलमध्ये खापरपणजोबांचा फोटो आहे. पगडी, उपरणं, आणि शेजारच्या चौकटीत इंग्रजी सर्टिफिकेट. ते रेसिडेन्सीत कारकून होते. लहानपणी पाहुणे आले की मला ते सर्टिफिकेट वाचून दाखवायला सांगायचे, कारण मी इंग्लिश मीडियमची. ‘विश्वासू’ आणि ‘आज्ञाधारक’ असे दोन शब्द त्यात आहेत. मी ते मोठ्याने वाचायचे आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

‘कॉलनी’ संपल्यावर मी बाबांना म्हटलं, हे सर्टिफिकेट उतरवूया. बाबा म्हणाले, त्या पगारावर आपलं घर उभं राहिलं, तुझ्या आजोबांचं शिक्षण त्यातून झालं. मी म्हटलं, विलही हेच म्हणतो. बाबांना विल कोण ते माहीत नाही. मग त्यांनी पहिले चार भाग पाहिले, माझ्या शेजारी बसून. चौथ्यानंतर म्हणाले, “याची नोकरी मला पटत नाही, पण सोडून जाणार कुठे?”

आजीने भांडण मिटवलं. फोटो ठेवायचा, सर्टिफिकेट आतल्या खोलीत न्यायचं. भिंतीवर तेवढ्या चौकोनात रंग उजळ राहिलाय, ते जरा विचित्र दिसतं. उद्या सकाळी पोह्यांना तुम्ही सगळे आमच्याकडेच येताय, तेव्हा बघालच. तिथून छावनीमार्गे चालत रेसिडेन्सीकडे जाऊ. ऊन वाढायच्या आत निघायचंय, सात म्हणजे सात.